न हलणाऱ्या प्राण्याला हलतं पाणी



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मत्स्यटाकीतल्या पंपांवर का बोलावं, असं आपल्यापैकी काहींना वाटलं असेल. आम्हाला या विषयाची ओढ लागली ती एका प्रश्नामुळे. घरी जिवंत प्रवाळांची टाकी ठेवणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, ‘माझ्या टाकीला किती ताकदीचा पंप पुरेल?’ प्रश्न सरळ दिसतो. त्याचं उत्तर आकड्यात मिळतं, आणि आकडा मिळाला की विचारणारा निश्चिंत होतो. पण आकड्याबरहुकूम पंप लावलेल्या टाक्यांतही प्रवाळ मरतात. तेव्हा उत्तरात खोट आहे की प्रश्नातच काही राहून गेलं आहे, हे तपासणं आलं. प्रश्न तपासणं हा तर आमचा पेशाच.

आधी एक खुलासा. हा छंद मुख्यतः जर्मनी, अमेरिका, जपान अशा देशांत वाढला. आपल्याकडच्या अनेक घरांतली मुलं-नातवंडं तिकडे असतात, आणि व्हिडिओ कॉलवर मागे निळ्या प्रकाशातली एखादी टाकी दिसते, तेवढीच पुष्कळांची ओळख. आपल्या देशात दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१पासून आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा ‘आठवण म्हणून’ उचलून आणणं हासुद्धा गुन्हा आहे. तेव्हा आज जे बोलायचं आहे ते जिथे हा छंद कायदेशीर आहे आणि जिथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे मिळतात, तिथल्या टाकीबद्दल.

आता मुद्द्याकडे येऊ. प्रवाळ हा प्राणी आहे. दिसतो झाडासारखा, लागतो दगडासारखा, पण आहे प्राणी. त्याच्या कातडीत सूक्ष्म शैवालं राहतात. ती दिवसा प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. उरलेलं अन्न प्रवाळ आपल्या बारीक शुंडकांनी पाण्यातून पकडतो. गायीला चारा संपला की ती पुढच्या बांधावर जाते, मासा श्वास कोंडला की वर येतो. प्रवाळाला ती सोय नाही. एकदा जिथे बसला तिथे बसला. त्याचं अन्न, त्याचा श्वास, त्याचा मळ, सगळं येतं-जातं ते पाण्याबरोबर. म्हणजे इतर प्राणी जे काम पायांनी किंवा परांनी करतात, ते प्रवाळासाठी पाण्याने करायचं असतं.

चार्ल्स डार्विन १८३६ साली कीलिंग बेटांवर गेला, आणि १८४२ साली त्याने प्रवाळभित्तींवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने एक गोष्ट नोंदवली आहे: जिथे लाटा सर्वांत जोरात आदळतात त्या बाहेरच्या कडेवरच प्रवाळ सर्वांत जोमाने वाढतात. आपली सहज समजूत याच्या उलट असते. नाजूक जीव निवांत जागी सुखी राहील, असं आपण धरून चालतो.

हे असं का, याचं उत्तर एका अगदी पातळ थरात आहे. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांट्ल यांनी दाखवून दिलं की कोणताही द्रव पृष्ठभागावरून वाहतो तेव्हा पृष्ठभागाला अगदी चिकटलेला थर जवळजवळ स्थिरच असतो. याला सीमास्तर म्हणतात. ओढ्यातल्या गोट्यांवर एवढं पाणी धावत असूनही शेवाळ टिकतं, त्याला हा थरही मदत करतो. प्रवाळाच्या कातडीवरही असाच थर असतो. बाहेर पाणी कितीही भरभरून वाहो, या थरातून पदार्थांना ‘चालत’च जावं लागतं. या चालण्याला विसरण म्हणतात.

हे चालणं किती सावकाश असतं बघा. ऑक्सिजनच्या रेणूंना पाण्यात एक दशांश मिलिमीटर ओलांडायला दोन-तीन सेकंद पुरतात. एक मिलिमीटर ओलांडायला सुमारे चार मिनिटं लागतात. एक सेंटिमीटरला जवळपास सात तास! अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. प्रवाळाचं जगणं-मरणं यावर ठरतं. पाणी जोरात हललं की हा थर पातळ होतो, मंद झालं की जाड होतो. शेजारी भरपूर ऑक्सिजन असला, तरी जाड थराखालचा प्रवाळ रात्री गुदमरू शकतो.

दिवसा प्रश्न उलटा असतो. आतली शैवालं इतका ऑक्सिजन सोडतात की तो थराखाली साचतो. कार्बन डायऑक्साइड पकडणारं त्यांचं विकर मग ऑक्सिजनलाच पकडू लागतं आणि अन्न बनणं मंदावतं. इस्रायली संशोधकांनी २०१० साली प्रयोगांनी दाखवलं की प्रवाहामुळे प्रकाशसंश्लेषण वाढतं ते मुख्यतः हा जादा ऑक्सिजन वाहून नेल्यामुळे. म्हणजे पाण्याचं निम्मं काम आणून देण्याचं आहे आणि निम्मं घेऊन जाण्याचं. घरात अन्नधान्य येतं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मोरी तुंबली की मगच कळतं की बाहेर जाणंही तितकंच महत्त्वाचं होतं.

ओकिनावाच्या प्रवाळांनी याची कठीण परीक्षा दिली. १९९८ साली जगभर समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. नाकामुरा आणि व्हॅन वूसिक या संशोधकांनी एकाच जातीचे प्रवाळ एकाच गरम पाण्यात, पण वेगवेगळ्या प्रवाहांत ठेवले. जोराच्या प्रवाहातले तगले, मंद प्रवाहातले पांढरे पडून मेले. पाणी तेच, तापमान तेच, प्रकाश तोच. वेगळं होतं ते फक्त पाण्याचं हलणं.

आता आपण त्या मूळ प्रश्नाकडे जाऊ शकतो. छंदिष्टांमध्ये रूढ माप असं आहे: पंप तासाला किती लिटर ढकलतो, भागिले टाकीतलं पाणी. मऊ प्रवाळांना दहा ते वीस पट, ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी प्रवाळांना तीस-चाळीस पट किंवा अधिक, असं सांगतात. उदाहरण घेऊ. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, पाणी ५० सेंटिमीटर खोल. खडक वजा जाता धरा ३०० लिटर. तासाला ५,००० लिटरचे दोन पंप लावले. हिशेब झाला तेहतीस पट. शाबास!

पण याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूने बघा. दोन्ही पंपांचं पाणी टाकीच्या आडव्या छेदातून सारखं पसरून वाहिलं, तर त्याचा वेग भरतो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. मुंगी याहून जलद चालते. खुल्या प्रवाळभित्तीवर सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर ही नेहमीची गोष्ट, आणि लाटा फुटतात तिथे याहून पुष्कळ जास्त. मग टाकीतले प्रवाळ जगतात कसे? कारण पंपाची धार आजूबाजूचं पाणी आपल्याबरोबर ओढत नेते. पंपाचं स्वतःचं पाणी थोडं, ओढून नेलेलं जास्त. गर्दीत एक माणूस धावत सुटला की बाजूचे चारही धावतात, तसंच. पण त्या धारेला पुढे मोकळी जागा हवी. तोंडासमोर हातभर अंतरावर खडक आला, तर धार तिथेच मोडते आणि तेहतीस पटीचा हिशेब कागदावर राहतो.

तर ‘किती पट’ हा आकडा पंपाचं वर्णन करतो, टाकीचं करत नाही. आपल्याला विचारायचं आहे ते असं: पाणी कुठे पोहोचत नाही? आणि जिथे पोहोचतं तिथे ते कशा प्रकारे पोहोचतं? या दोन प्रश्नांच्या मागे गेलं की सुधारणेची पायरी-पायरीने वाट दिसते, आणि नवा पंप विकत घेणं ही त्यातली शेवटची पायरी निघते.

पहिली पायरी पाहण्याची. खोलीतले आणि टाकीवरचे दिवे मालवा, बाजूने विजेरी धरा, आणि माशांच्या गोठवलेल्या खाद्याचं थोडं पाणी सोडा. प्रकाशात कण चमकतात आणि पाण्याच्या वाटा डोळ्यांना दिसू लागतात. कुठे कण झपाट्याने जातात, कुठे गोल फिरतात, कुठे अलगद खाली बसतात ते कागदावर काढून ठेवा. दुसरी खूण गाळाची. रबरी फुगा लावलेली लांब पिचकारी घ्या आणि खडकांच्या कपारींत फुंकर मारा. जिथून धुरळा उठेल तिथे पाणी साचलेलं आहे. वाळूवर किंवा खडकावर तांबडा-जांभळा चिकट पडदा पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर तीही बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याचीच तक्रार असते.

दुसरी पायरी खडकांची. पुष्कळ टाक्यांत खडक मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचलेले असतात. दिसायला छान, पण त्यांच्या मागे गाळाचं कोठार तयार होतं. खडक काचेपासून हाताची चार बोटं तरी सुटे हवेत. एका भिंतीऐवजी दोन-तीन वेगळे ढिगारे करावेत आणि खाली पायांसारखे छोटे दगड देऊन पोकळी ठेवावी. फक्त हे पाय वाळूवर नकोत, टाकीच्या तळावर पक्के टेकलेले हवेत, कारण वाळू उकरणारे मासे वरचा डोलारा खाली आणतात. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. एक रविवार जातो.

तिसरी पायरी पंपांच्या जागेची. धार थेट प्रवाळावर सोडायची नाही. जवळून सतत एकाच बाजूने धार बसली की त्या बाजूची कातडी सोलवटून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. धार लांबीच्या दिशेने, मोकळ्या पाण्यात सोडावी, शक्यतो पृष्ठभागाच्या थोडं खाली. ती समोरच्या काचेवर आपटून वळते, खालून परत येते आणि सगळं पाणी एका मोठ्या चक्रात फिरू लागतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की ते टिकवायला कमी जोर लागतो, जसा झोपाळ्याला सुरुवातीचा झोका जड जातो, नंतर नुसता हात लावला तरी पुरतो.

चौथी पायरी काळाची. एकाच दिशेने सतत वाहणाऱ्या पाण्यात प्रत्येक प्रवाळाच्या पाठीमागे एक सावली पडते, पाण्याची सावली. समुद्रात लाट येते आणि परत जाते, म्हणून तिथे सावली कायमची कुठेच पडत नाही. टाकीत हे साधायचं तर दोन टोकांना दोन पंप लावून ते आळीपाळीने चालवावेत. पण दर दहा सेकंदांनी दिशा बदलली तर कोणतंच चक्र पुरतं सुरू होत नाही. पाण्याला जडत्व आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. मोठं चक्र हवं असेल तर काही मिनिटांनी, अगदी काही तासांनी दिशा बदलली तरी चालते. दुसरा प्रकार लाटेचा. पंपाची उघडझाप टाकीच्या स्वतःच्या लयीशी जुळवली की सगळं पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावतं. आपल्या उदाहरणातल्या टाकीची ही लय साधारण एका सेकंदाची आहे. थोड्या विजेत पुष्कळ पाणी हलतं आणि प्रवाळांचे गुच्छ शेतातल्या कणसांसारखे डोलतात. मात्र तीनशे किलो वजन अशा रीतीने रात्रंदिवस हिंदकळणार असेल, तर काचेचे सांधे आणि खालचं टेबल ते सोसणारं आहे ना, हे आधी बघावं.

पाचवी पायरी पृष्ठभागाची. पाण्यावर तेलकट साय धरते आणि हवेशी होणारी देवघेव अडते. पृष्ठभाग सतत थरथरता हवा आणि वरचा थर कडेवरून खालच्या टाकीत ओसंडत राहायला हवा. इथे एक गल्लत होते. खालच्या टाकीतून पाणी वर चढवणाऱ्या पंपाकडूनच सगळा प्रवाह काढायचा प्रयत्न केला जातो. पाणी चढवण्यात आणि नळीच्या वळणांत त्याची ताकद खर्च होते. त्याने तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवलं तरी गाळणीपुरतं काम होतं. प्रवाळांसाठीचा प्रवाह टाकीच्या आतच तयार करावा.

सहावी पायरी स्वच्छतेची, आणि ती सर्वांत जास्त विसरली जाते. पंपाच्या पात्यांवर चुना आणि गुलाबी शैवालाचा थर चढत जातो. प्रवाह रोज थोडाथोडा कमी होतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन-तीन महिन्यांनी पंप उतरवून, पातळ केलेल्या व्हिनेगरच्या किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ब्रशने घासला की पुष्कळदा ‘नवा पंप हवा’ ही गरजच उरत नाही.

आणि एवढं करूनही कमीच पडलं, तर मग नवा पंप. तो निवडताना एक साधं गणित ध्यानात ठेवावं. तेवढंच पाणी दुप्पट क्षेत्रफळाच्या तोंडातून सोडलं तर वेग निम्मा होतो आणि धारेला लागणारी शक्ती एक चतुर्थांशावर येते. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला अरुंद तोंडाच्या पंपांच्या जागी पंख्यासारख्या पात्यांचे, रुंद तोंडाचे पंप आले आणि हा छंदच पालटला. अरुंद धार बागेतल्या पाइपासारखी टोचते, रुंद प्रवाह वाऱ्यासारखा लागतो. शिवाय पाण्यात बुडालेल्या पंपाची सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पन्नास वॉटचे पंप म्हणजे पन्नास वॉटचा हीटर. बाहेर काहीच उष्णता गेली नाही असं धरलं, तर आपल्या तीनशे लिटर पाण्याचं तापमान दिवसाला तीन अंशांहून जास्त वाढेल. पंचवीस-सव्वीस अंशांत सुखाने राहणाऱ्या प्राण्याला हे परवडणारं नाही.

आता जास्त म्हणजे चांगलं, असाही अर्थ कोणी काढू नये. लाटांच्या कडेवरचा ॲक्रोपोरा आणि मांसल, लांब शुंडकांचा युफिलिया यांची गरज एक नाही. ॲक्रोपोराला खळबळ लागते. युफिलिया त्याच खळबळीत अंग आक्रसून घेतो, आणि त्याचं मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर फाटतं. तेव्हा एका टाकीत सगळीकडे सारखा प्रवाह हे ध्येयच चुकीचं. वर आणि मध्ये जोर, खाली आणि कडेला सौम्यपणा, असे मोहल्ले करावेत आणि ज्याला जे मानवतं तिथे त्याला बसवावं. शुंडकं उघडी, हलकेच आणि अनियमित डोलणारी दिसली की समजावं, जागा बरोबर आहे. ती सतत एकाच बाजूला वाकलेली असतील तर जागा बदलावी.

आणखी एक गोष्ट. २०१४ साली सूक्ष्मदर्शकाखाली असं दिसून आलं की प्रवाळ आपल्या कातडीवरच्या बारीक केसांनी स्वतःच छोटे छोटे भोवरे तयार करतो आणि तो स्थिर थर ढवळत राहतो. म्हणजे तो अगदीच हतबल नाही. मात्र त्याचा हात पोहोचतो तो मिलिमीटरभर. त्यापलीकडचं पाणी बदलत ठेवणं हे टाकी ठेवणाऱ्याचं काम.

म्हणून शेवटचा मुद्दा वीज जाण्याचा. पंचवीस अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आपल्या टाकीत सगळा मिळून दोन ग्रॅम. एवढ्या शिदोरीवर मासे, प्रवाळ आणि खडकांतले असंख्य जीवाणू जगत असतात. ती सतत भरली जाते ती पाणी हलतं म्हणून. रात्री पंप थांबले की काही तासांत आधी मोठे मासे जातात, मग त्यांच्या कुजण्याने उरलेला ऑक्सिजनही संपतो. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी महागडे दिवे आणि गाळण्या काही कामाच्या नसतात. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप किंवा हवेचे बुडबुडे सोडणारं साधं यंत्र जीव वाचवतं. तेही नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहावं. हे हास्यास्पद वाटेल, पण पृष्ठभाग मोडला की हवा आत जाते, आणि त्या रात्रीपुरतं तेवढंच हवं असतं.

ज्यांच्या घरी किंवा मुलांच्या घरी अशी टाकी असेल, त्यांनी आज फोनवर इतकंच विचारावं: पंप शेवटचे कधी घासले, आणि वीज गेली तर काय करायचं ठरलं आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असली तर बाकीचं हळूहळू जमेल.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवायचा आहे, तेव्हा आम्ही इथे थांबतो.